राक्षसापासून रोबोपर्यंत : अद्भुतकथेचा इतिहास आणि कष्टकरी माणूस



वसंत व्याख्यानमाला ही महाराष्ट्राची जुनी चाल आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ती पाडली. तेव्हापासून विद्वानांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, असा तिचा रिवाज पडून गेला आहे. आज तो थोडा मोडतो आहे. मी कामगार संघटनेचा माणूस. पदवी माझ्यापाशी नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयातून पुस्तके आणून. विषय मी निवडला अद्भुतकथेचा आणि तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे विज्ञानकथेचा. हे कळले तेव्हा संघटनेतले एक जुने सोबती म्हणाले, "अहो, बोनस, पगारवाढ, कंत्राटी कामगार हे सारे सोडून तुम्ही चंद्रावरच्या गप्पा कुठे मारता?" त्यांच्या या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अद्भुतकथा ही रिकामटेकड्यांची करमणूक नव्हे. जगात यंत्र आले, त्याने माणसाचे हात काही ठिकाणी मोकळे केले आणि काही ठिकाणी बांधून टाकले. या उलाढालीची खरी बखर जितकी सरकारी अहवालांत सापडते, तितकीच ती या कल्पित कथांत सापडते. त्या बखरीत आपला कष्टकरी माणूस कुठे आहे, आणि कुठे असायला हवा होता पण नाही, हे आज पाहायचे आहे.

सुरुवात आपल्या पायाखालूनच करू. हा डोंगर, ही वाडी रत्नागिरी, कथेनेच नावारूपाला आणली आहे. रत्नासुर नावाचा दैत्य येथे मातला, त्याला केदारनाथांनी मारले, म्हणून डोंगर रत्नागिरी झाला. तिकडे खाली अंबाबाईने कोल्हासुराला मारले, म्हणून कोल्हापूर. भाविकांची श्रद्धा ती आहेच. पण श्रद्धेच्या जोडीला ही एक कथाही आहे, आणि कथा म्हणून तिच्याकडे पाहण्यात देवाचा काही अपमान होत नाही. तिच्यात काय आहे? माणसाच्या बळाबाहेरचे एक संकट आहे, आणि ते संपू शकते असा भरवसा आहे. पुढे १७३० साली राणोजी शिंद्यांनी आज दिसणारे देऊळ बांधवले. त्यांचे नाव इतिहासात राहिले. काळा दगड घडवून या कड्यावर चढवणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र कथेतही नाहीत आणि इतिहासातही नाहीत. चैत्रात येथे सासनकाठ्या नाचतात. काठी एकाच्या कमरेवर तोललेली दिसते, पण चहूबाजूंनी दोर धरणारे गडी नसतील तर ती क्षणभरही उभी राहणार नाही. अद्भुतकथेचा इतिहास वाचताना मी नेहमी दोर धरणाऱ्यांकडे पाहतो. आजही तेच करणार आहे.

आपल्याकडे यंत्राची कल्पना इंग्रजांबरोबर आली, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला. त्याचे मूळ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त, आणि गुणाढ्याची आख्यायिका आपल्या पैठणच्या सातवाहनांच्या दरबाराशी बांधलेली आहे. म्हणजे या वाङ्मयाची एक मुळी गोदावरीच्या काठी आहे. त्या ग्रंथात राज्यधर आणि प्राणधर या दोघा भावांची गोष्ट येते. दोघेही कांचीचे सुतार. ते लाकडाचे यंत्रहंस बनवतात, आणि ते हंस खिडकीतून राजाच्या खजिन्यात शिरून रत्ने उचलून आणतात. चोरी उघडकीला येते तेव्हा भाऊ हवेतून जाणाऱ्या यंत्राने पळ काढतात. पुढे राज्यधर एका ओसाड नगरात येतो आणि तेथे लाकडी माणसे घडवून त्यांच्याकडून सारी सेवा करून घेतो. नगर भरलेले दिसते, पण जिवंत माणूस एकच.

ही गोष्ट वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो होतो. तिचा नायक राजपुत्र नाही की ऋषी नाही. तो सुतार आहे. वर, मंत्राने नव्हे तर हातच्या कसबाने तो चमत्कार करतो. आणि शेवटी त्याच्या पदरी काय येते? नोकर भरपूर, सोबत कोणाचीच नाही. माणसाच्या जागी यंत्र बसवले तर काम होईल, पण गाव उरेल काय, हा प्रश्न नऊशे वर्षांपूर्वी आपल्या माणसाने एका सुताराच्या तोंडून विचारून ठेवला आहे.

छापखाना आला आणि अद्भुताला नवे घर मिळाले. १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. ती विधवांच्या दुःखाची, वास्तव कादंबरी. परंतु वाचकांचा लोंढा वळला तो दुसरीकडे. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला आरंभ केला, आणि ते काम पुढे विष्णुशास्त्र्यांच्या पिढीने तडीस नेले. पुढच्या काळात गो. ना. दातारांच्या 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' या कादंबऱ्यांनी आणि नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने (१९१३) वाचकांना अक्षरशः वेड लावले. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. तोफांच्या कारखान्यात नोकरी करणारा हा माणूस शिकारीच्या नादात सिंहगडाच्या बाजूला कड्यावरून कोसळला, कमरेखाली लुळा झाला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या वाचता वाचता लेखक झाला. कारखान्यातून उठून पुस्तकाकडे आलेल्या त्या माणसाविषयी मला विशेष आपुलकी वाटते.

या कादंबऱ्यांना त्या वेळच्या शिष्ट मंडळींनी नाके मुरडली. कारण असे सांगितले जाई की त्या रेनॉल्ड्स नावाच्या हलक्या इंग्रज कादंबरीकाराच्या धर्तीवर बेतलेल्या आहेत. बेतलेल्या होत्या, यात शंका नाही. पण हा रेनॉल्ड्स कोण होता, हे सांगायची तसदी फारशी कोणी घेतली नाही. जॉर्ज विल्यम मॅकार्थर रेनॉल्ड्स हा लंडनच्या चार्टिस्ट चळवळीतला पुढारी होता. कामगाराला मताचा हक्क मिळावा म्हणून लढलेली ती चळवळ. मार्च १८४८ मध्ये ट्रॅफल्गार चौकातल्या खवळलेल्या सभेत तो अध्यक्षस्थानी उभा राहिला. १८५० मध्ये त्याने स्वतःचे साप्ताहिक काढले, आणि ते कष्टकऱ्यांच्या घरोघर वाचले जाई. ज्या इंग्लंडने आपल्यावर राज्य केले, त्याच इंग्लंडच्या राज्यकर्त्यांवर तुटून पडणारा हा लेखक, आणि हिंदुस्थानातल्या देशी भाषांच्या वाचकांनी त्याला डिकन्सपेक्षाही जवळचा मानला! त्याच्या कादंबऱ्यांतली भुयारे, गुप्त दरवाजे आणि पाताळयंत्री सरदार मराठीत उतरले. त्याचा चार्टिस्ट बाणा मात्र भाषांतरात गळून पडला. राजवाडा राहिला आणि राजवाड्यावरचा राग गेला. मराठी अद्भुतकथेचे हे पहिले मोठे नुकसान, असे मला वाटते.

आता यंत्रकथेकडे वळू. युरोपात १८१८ साली मेरी शेली या अवघ्या वीस वर्षांच्या मुलीने 'फ्रँकेन्स्टाइन' प्रसिद्ध केली. शास्त्रज्ञ प्राणी घडवतो, आणि घडवल्यावर त्याची जबाबदारी झटकून टाकतो. तेथून अनर्थ सुरू होतो. लोक त्या प्राण्याला राक्षस म्हणतात. पण पुस्तक नीट वाचले तर दिसते की तो प्राणी जन्मतः दुष्ट नाही. टाकून दिल्यामुळे तो तसा होतो. कामाला लावून मग वाऱ्यावर सोडलेल्या माणसांचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही कथा निराळी समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर आला फ्रान्सचा ज्यूल व्हर्न. १८६५ साली त्याने तोफेच्या गोळ्यात माणसे घालून ती चंद्राकडे धाडली. ती तोफ त्याने अमेरिकेतल्या फ्लॉरिडात रोवली होती, आणि १९६९ साली खरी माणसे चंद्राकडे निघाली तीही फ्लॉरिडातूनच. ही कादंबरी मराठीत आली ती मुंबई-पुण्याच्या वाटेने नव्हे, तर थेट कोचीहून. कृष्णाजी नारायण आठल्ये या मराठी गृहस्थाने तेथून १८८६ साली 'केरळकोकिळ' मासिक सुरू केले, आणि १९०० च्या सुमारास त्यात 'चंद्रलोकची सफर' क्रमशः येऊ लागली. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, समुद्रकाठी बसून एक माणूस मराठी वाचकाला चंद्रावर घेऊन निघाला होता! १९१५ च्या सुमारास श्री. बा. रानड्यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा आरंभ अभ्यासक तेथे धरतात. बंगालात त्याआधीच, १८९६ साली, जगदीशचंद्र बोसांनी केसाच्या तेलाच्या एका स्पर्धेसाठी कथा लिहिली होती. तीत समुद्रात ओतलेली तेलाची बाटली वादळ शांत करते. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण तेलाच्या जाहिरातीसाठी गोष्ट लिहिण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

याच काळातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात अशी माझी शिफारस आहे.

पहिली इंग्रज लेखक एच. जी. वेल्सची 'टाइम मशीन', १८९५ ची. वेल्सने पोरवयात कापडाच्या दुकानात उमेदवारी केली होती. त्याची आई श्रीमंतांच्या वाड्यात घरकारभारीण होती, आणि नोकरांनी तळघरात वावरायचे ही रीत त्याने डोळ्यांनी पाहिली होती. त्याचा प्रवासी काळयंत्रात बसून आठ लाख वर्षे पुढे जातो, तेव्हा माणसाच्या दोन जाती झालेल्या त्याला दिसतात. जमिनीवर नाजूक, सुखासीन आणि निर्बुद्ध अशी इलॉय मंडळी. जमिनीखाली अंधारात यंत्रे चालवणारे मॉरलॉक. खालचे वरच्यांना कपडे पुरवतात, आणि रात्री वर येऊन त्यांनाच खातात. मालक-मजूर भेद असाच वाढत गेला तर शेवट काय होईल, याचे इतके भेदक चित्र दुसरे मी वाचले नाही. पण माझी एक तक्रार आहे. वेल्सला खालच्यांची दशा कळली, तरी त्याने त्यांना तोंड दिले नाही. मॉरलॉक बोलत नाहीत. ते फक्त लाल डोळे आणि गार हात. तळघर पाहिलेल्या लेखकालाही वर आल्यावर तळघराची भीतीच वाटली.

दुसरी गोष्ट बंगालच्या रुकैया सखावत हुसेन या बाईंची, 'सुलतानाज ड्रीम', १९०५ ची. मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ती आली. बाईंच्या स्वप्नातल्या देशात पुरुष पडद्यात आहेत आणि राज्य बायका चालवतात. त्या सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक करतात, ढगांतून पाणी ओढून घेतात. वाचकाला हसू येते ते या उलटापालटीचे. मला मात्र त्यातली एक बारीकशी बाब मोलाची वाटली : त्या देशात कचेरीचे काम रोज दोन तासांत उरकते. हे १९०५ साल ध्यानात घ्या. १९०४ साली आपल्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसला, १९०६ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी गिरणी काढली. त्या काळी हिंदुस्थानातल्या गिरणीत मोठ्या पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. १९११ च्या कायद्याने ती कापड गिरण्यांत बारा तासांवर आणली, आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास हे प्रमाण येण्यास १९४६ साल उजाडले. असल्या काळात घरात कोंडलेल्या एका बाईने विचार केला की यंत्राचा खरा फायदा म्हणजे रिकामा वेळ, आणि तो वाटून घ्यायचा असतो. इंजिनियर, अर्थशास्त्री आणि पुढारी यांच्याआधी हे त्या माउलीला सुचले. अद्भुतकथा कशासाठी, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला देता येणार नाही.

यंत्र आणि अद्भुत यांची गाठ आपल्या कोल्हापुरात कागदावर पडली नाही, ती पडद्यावर पडली. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस या जादूगाराने १९०२ साली चंद्रप्रवासाचे चित्र काढले. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' केले. कोल्हापुरात बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी ठरवले की कॅमेरा आपणच घडवायचा. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' उभी केली. पुढे त्यांच्याच तालमीतल्या मंडळींनी १९२९ साली येथे 'प्रभात' काढली, आणि १९३२ च्या 'माया मच्छिंद्र'मध्ये चमत्कारांची रेलचेल करून दाखवली. लोकांनी पडद्यावर देव-दैत्य पाहिले. मी पाहतो ते मेस्त्री घराण्यातला एक माणूस. औपचारिक शिक्षण बेताचे, पण लोखंड-लाकूड-काच यांच्याशी बोलणारे हात. कांचीच्या राज्यधराचा हा खरा वारस. ज्या गावाने पुढे ऑइल इंजिने आणि ओतकामाच्या भट्ट्या यांत नाव काढले, त्या गावाची वृत्ती या कॅमेऱ्यात आधीच दिसते.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याने आजच्या आपल्या लोकांची झोप उडवली आहे : रोबो. हा शब्द शास्त्रज्ञाने दिलेला नाही. तो नाटकातून आला आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल चापेकने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले आणि पुढल्या वर्षी ते प्रागमध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. म्हणजे रोबो म्हणजे यंत्र नव्हे; रोबो म्हणजे वेठबिगार! १९१८ ते १९२० या वर्षांत करवीर संस्थानात शाहू महाराज महार वतने आणि वेठबिगार बंद करण्याचे हुकूम काढत होते, आणि त्याच वेळी हजारो कोस दूर एक नाटककार वेठीवरून नव्या युगाचे नाव बेतत होता. हा योगायोग खरा, परंतु अर्थपूर्ण योगायोग आहे. वेठ येथून उठली, आणि यंत्राच्या रूपाने परत येईल काय, अशी शंका जगात उभी राहिली.

नाटकातला कारखाना नकली माणसे बनवतो. ती स्वस्त पडतात, थकत नाहीत, मजुरी मागत नाहीत. जगभरच्या कारखान्यांत ती शिरतात. खरे कामगार चिडून त्यांची मोडतोड करतात. सरकारे त्यांच्या हाती बंदुका देतात. शेवटी रोबोच बंड करतात आणि सारी मानवजात कापून काढतात. एकाच माणसाला ते जिवंत ठेवतात, त्याचे नाव अल्क्विस्ट. तो बांधकामाचा माणूस. त्याला का ठेवले? तो आपल्यासारखाच हातांनी काम करतो, म्हणून. भाषणे करणारे, हिशेब मांडणारे, तत्त्वज्ञान सांगणारे सारे गेले, आणि विटेवर वीट रचणारा तेवढा त्यांना आपला वाटला. चापेक काही कामगार चळवळीतला माणूस नव्हता. तरीही श्रमाचे नाते रक्ताच्या नात्याहून घट्ट असते, हे त्याने जितक्या थोडक्यात दाखवले तितके आमच्या कित्येक अधिवेशनांतल्या ठरावांना साधलेले नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मराठीत या वाङ्मयाला बहर आला. भा. रा. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' काढले, व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांच्या हाती दिल्या, आणि कित्येक पिढ्यांना समुद्राच्या तळाची व पृथ्वीच्या पोटाची सफर घडवली. अनंत अंतरकरांनी 'नवल' मासिकात अद्भुताला हक्काची जागा दिली. नारायण धारपांनी भीती मराठीत पक्की रुजवली. त्यांचे 'समर्थ' आणि त्यांची 'नेनचिम'सारखी विज्ञानकादंबरी वाचनालयांत हातोहात फिरे. तिसऱ्या पाळीच्या माणसांनी धारप आणि अर्नाळकर वाचून रात्री काढल्या आहेत, हे मी पाहिले आहे. समीक्षकांनी या लेखकांना वाङ्मयाच्या ओसरीवरच ठेवले. वाचक मात्र त्यांना माजघरापर्यंत घेऊन गेला.

येथे एक शंका काढली जाते, ती रास्त आहे : भुताखेतांच्या कथांनी अंधश्रद्धा वाढत नाही काय? महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तेव्हा या शंकेला उत्तर दिलेच पाहिजे. माझे उत्तर असे की कथा आणि भोंदूगिरी यांत एक साधा व्यवहारी फरक आहे. कथा म्हणते, पुस्तक मिटेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेव. भोंदू म्हणतो, विश्वास ठेव आणि गाठीचे पैसे सोड. जो कथेत पुरेसा घाबरला आणि सकाळी उठून हसला, तो भोंदूच्या दारात सहसा जात नाही.

१९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि पुढे तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ साली तीत 'कृष्णविवर' ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. बक्षीस मिळाल्यावर कळले की हे टोपणनाव, आणि आद्याक्षरे उलटी करून पाहिली तर लेखक जयंत विष्णु नारळीकर! १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला, केंब्रिज गाजवून परतलेला हा खगोलशास्त्रज्ञ. आपल्या नावाच्या वजनावर बक्षीस नको, कथेच्या वजनावर मिळावे, म्हणून त्याने नाव लपवले. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात या नव्या प्रवाहाची दखल घेतली. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, आणि २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात ते वारले.

नारळीकरांची माझी आवडती कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. ट्रकचा धक्का बसून एक इतिहासकार अशा जगात जातो, जेथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले. मोठ्या उमेदीने तो त्या जगाचा इतिहास वाचतो. गंमत अशी की तेथल्या लोकांनी सभेचे अध्यक्ष हा प्रकारच रद्द केला आहे. मोकळी खुर्ची पाहून गंगाधरपंत तीवर बसायला जातात आणि श्रोते त्यांना उचलून फेकतात. अध्यक्षमहाराजांनी ही कथा जरूर वाचावी! विनोद सोडला तरी कथेचा गाभा गंभीर आहे. जे झाले ते अटळ नव्हते. इतिहासाला फाटे असतात. संप हरलेल्या माणसाला हे वाक्य औषधासारखे उपयोगी पडते.

'वामन परत न आला' (१९८६) ही त्यांची कादंबरी तर चापेकच्याच प्रश्नाचे मराठी रूप आहे. जमिनीत पुरलेल्या प्राचीन ठेव्यातून एक यंत्रमानव उभा राहतो, आणि हळूहळू कळते की तो ठेवा सोडून जाणारी प्रगत संस्कृती अशाच यंत्रांवर सारी भिस्त ठेवून बुडाली. कथानक घट्ट आहे, शास्त्र चोख आहे. नारळीकरांबरोबर आणि त्यांच्यामागून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी हा प्रवाह जिवंत ठेवला. मराठीइतकी सलग विज्ञानकथा लिहिणाऱ्या भाषा देशात थोड्याच आहेत, याचा मला अभिमान आहे.

तरीही माझी तक्रार मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या कथांत प्राध्यापक आहेत, मंत्री आहेत, वेधशाळा आणि प्रयोगशाळा आहेत. फिटर कुठे आहे? टर्नर, मोल्डर, जॉबर, रात्रपाळीची नर्स कुठे आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि गिरणगाव नावाचे एक आख्खे जग डोळ्यांदेखत नाहीसे झाले. मराठी विज्ञानकथेचा बहराचा काळ तोच. परग्रहावरची संस्कृती कशी बुडाली हे आम्ही आवडीने वाचत होतो. परळ-लालबागची संस्कृती बुडाली तिची विज्ञानकथा निदान माझ्या तरी वाचनात आलेली नाही. दोष लेखकांचा आहे असे मी म्हणत नाही. त्यांनी आपल्या ओळखीचे जग लिहिले. आमचे जग आम्ही लिहिले नाही.

बाहेरच्या जगात हे घडले आहे. अमेरिकेच्या उर्सुला ल ग्विन यांनी १९७४ साली 'द डिस्पझेस्ड' ही कादंबरी लिहिली. मालक नसलेला, मालमत्ता नसलेला असा एक अख्खा ग्रह त्यांनी उभा केला, आणि मग निष्ठुरपणे दाखवले की तेथेही समित्या माजतात, वेगळे बोलणाऱ्याला वाळीत टाकले जाते. संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक वाचावे. आपल्या चुका परग्रहावर पाहिल्या म्हणजे राग कमी येतो. चीनमध्ये लिऊ त्सिशिन हा वीजनिर्मिती केंद्रातला इंजिनियर नोकरी सांभाळून लिहीत होता. २००८ साली त्याची 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली, आणि २०१५ साली तिच्या इंग्रजी भाषांतराला जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. वीजकेंद्रे आपल्याकडेही आहेत, आणि पाळीतले रिकामे तासही आहेत.

हे आजच का बोलायचे? कारण रोबो आता नाटकात राहिलेला नाही. एका कारखान्यात वेल्डिंगचे यांत्रिक हात बसले तेव्हाची बोलणी मी केली आहेत. व्यवस्थापनाकडे आकडे होते, आमच्याकडे भीती होती. आकड्यांपुढे भीती टिकत नाही. त्या टेबलावर मला उणीव भासली ती कायद्याच्या पुस्तकाची नव्हे. यंत्र आल्यावर आपल्याला कोणते जीवन हवे आहे, याचे चित्रच आमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. यंत्र नको, एवढेच आम्हाला म्हणता येत होते. रुकैयाबाईंचे दोन तास कोणी तेथे उच्चारले असते तर बोलणी निराळ्या जागेवरून सुरू झाली असती. आता तर लिहिणारी, भाषांतर करणारी, हिशेब तपासणारी यंत्रे आली आहेत. म्हणजे पांढरपेशा बंधूंवरही तीच पाळी आली. फिटर आणि कारकून एका बाकावर बसण्याची ही पहिलीच खरी वेळ आहे.

माझ्या सोबत्याच्या प्रश्नाला माझे उत्तर ते हे. बोनसची मागणी करायला गेल्या वर्षाचा ताळेबंद पुरतो. कामाचा दिवस लहान करण्याची मागणी करायला मात्र कधी न पाहिलेला दिवस पाहावा लागतो, आणि तो पाहण्याची सवय अद्भुतकथा लावते. म्हणून प्रत्येक संघटनेच्या कचेरीत कायद्याच्या पुस्तकांशेजारी वेल्स, चापेक, रुकैया आणि नारळीकर यांना एक फळी द्यावी, असे मी सुचवतो. वाचनालयांनी कामगार वस्तीत या पुस्तकांची वाचनमंडळे चालवावीत. आणि यंत्रमागावर, भट्टीवर, वीजकेंद्रावर काम करणाऱ्या तरुण मुलामुलींनी वही उघडावी. शुद्धलेखन नंतर दुरुस्त करता येते. भट्टीसमोर उभे राहून उद्याचा विचार कसा होतो, हे भट्टीसमोरच्यालाच ठाऊक असते.

या डोंगरावर शतकानुशतके लोक चांगभलं म्हणत आले आहेत. चांगले होवो, भले होवो, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ. ते होण्यासाठी आधी ते कसे दिसेल याची कोणीतरी कल्पना करावी लागते. इतके दिवस हे काम आपण दुसऱ्यांवर सोपवले. आता त्यात आपलाही हात लागू द्या.